स्वतःच्या बांधाच्या आत

दोन वर्षांपूर्वी अमळनेरच्या घरी, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, मी पेनिट्रेशन टेस्टिंगचा सराव सुरू केला. मालकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेतली भोकं शोधायची, असं हे काम. वर्ग नव्हता, सर नव्हते. हळूहळू उमगलं ते असं.

१. सरावाचं मशीन कोंडलेलं आहे ना, हे आधी बघायला हवं होतं. लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये मी काली लिनक्स, म्हणजे हल्ल्याच्या साधनांनी भरलेली प्रणाली, टाकली आणि समोर मेटास्प्लॉइटेबल २. हे दुसरं शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम दुबळं बनवलेलं. युजरनेम तोच पासवर्ड. पहिले चार दिवस त्याचं नेटवर्क 'ब्रिज्ड' राहिलं. म्हणजे सताड उघडं मशीन घरच्याच वाय-फायवर, आईच्या मोबाइलशेजारी. वरच्या भाडेकरूंनाही आम्ही तेच वाय-फाय दिलेलं. कळलं तेव्हा पोटात गोळा आला. लगेच 'होस्ट-ओन्ली' केलं, म्हणजे ते लॅपटॉपच्या आतच कोंडलं. शेतकऱ्याच्या घरात वाढले, तरी आधी बांध घालायचा हे सुचलं नव्हतं.

२. आत शिरलं म्हणजे समजलं असं नाही. मेटास्प्लॉइट या तयार हल्ल्यांच्या साधनाने व्हीएसएफटीपीडी २.३.४ या फाइल-सर्व्हरमधून मला क्षणात रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळवून दिला. पण घडलं काय, ते सांगता येईना. मग तेच हाताने केलं. पोर्ट २१ ला जोडलं, युजरनेमच्या शेवटी अपूर्णविराम आणि बंद कंस, म्हणजे हसरा चेहरा, टाइप केला, पासवर्ड काहीबाही दिला. तिकडे पोर्ट ६२०० उघडलं. ही प्रोग्रामरची चूक नव्हती. २०११ मध्ये डाउनलोडसाठी ठेवलेल्या फाइलमध्येच कुणीतरी हे चोरदार घुसवलं होतं. लोकांनी ती विश्वासाने उतरवून घेतली. त्या रात्री झोप लागली नाही. आता चेकसम, म्हणजे फाइलचा ठसा, जुळवल्याशिवाय मी उतरवलेली कुठलीही मशीनची फाइल सुरू करत नाही.

३. एनमॅप हे उघडी पोर्ट शोधणारं साधन विचारलं तेवढंच सांगतं. नुसती आज्ञा दिली की ते नेहमीची १,००० पोर्ट बघतं, असतात ६५,५३५. मला २३ उघडी दिसली आणि मी वहीत 'पूर्ण' लिहिलं. आठवड्याने सगळी तपासली, तर ३६३२ वर डिस्टसीसी नावाची सेवा बसलेली, तिथूनही आत जाता येत होतं. वहीतला तो शब्द खोडला नाही. तसाच ठेवलाय.

४. लाईट जाते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, एका दुपारी मशीनची फाइलच बिघडली. तेव्हापासून आधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, मग प्रयोग.

५. परवानगी हा या कामाचा गाभा आहे, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी ९४ कोटी रुपये पळवले. कौशल्य त्यांच्याकडेही होतंच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये मालकाला न विचारता, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने शिरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. गल्लीतले किराणावाले अप्पा म्हणाले, "बेटा, आमचं वाय-फाय बघ ना जरा." मी म्हटलं, "अप्पा, आधी लिहून द्या." त्यांना नवल वाटलं, पण बिलबुकाच्या मागच्या पानावर तारीख टाकून त्यांनी सही केली. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. गल्ल्यापाशी बसून दोघांनी मिळून तो बदलला, आणि मी नजर दुसरीकडे वळवली, नवा पासवर्ड त्यांचा त्यांनी टाइप करावा म्हणून.