जुना पिकप घेताना

धुळ्याच्या गाडीवर एम.एच. १८ लिहिलेले असते. जळगावच्या गाडीवर एम.एच. १९ असते. ही अक्षरे तुम्हाला आता वाचता येतात. या वाचनाचा एक मोठा उपयोग आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

आपल्या खानदेशात केळी, कापूस, पपई, भाजीपाला यांची ने-आण रोजचीच. त्यासाठी घरची गाडी असावी असे पुष्कळांना वाटते. पण नवी गाडी परवडत नाही. मग माणूस जुनी पाहतो. यात वावगे काही नाही. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोचा कारखाना चालू झाला. 'टेम्पो' हे खरे तर एका जर्मन कंपनीचे नाव. आपण ते सगळ्याच छोट्या मालगाड्यांना लावून टाकले! १९८६ साली टाटांची ४०७ आली. अशा जुन्या गाड्यांची यंत्रे साधी असतात. तालुक्याचा मिस्त्री ती उघडतो आणि जोडतो. म्हणून नीट सांभाळलेली जुनी गाडी रोजच्या कामाला चालते.

पण ती डोळे उघडे ठेवून घ्यावी.

जिभाऊंची गोष्ट

आमच्या शेजारी एक जिभाऊ राहतात. केळीचे बागायतदार. त्यांनी एक जुना पिकप पाहिला. रंग नवा, हॉर्न मोठा. दलाल म्हणाला, "गाडी एक नंबर शे, जिभाऊ. डोया मिटीसन ल्या!"

दलालाने गाडीचे पुस्तक त्यांच्या हातात दिले. जिभाऊंना वाचता येत नव्हते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि मान हलवून परत दिले. पैसे मोजले. कोऱ्या कागदावर अंगठा दिला.

चार महिन्यांत दोन्ही गोष्टी उघड झाल्या. नव्या रंगाखाली चेसी गंजलेली होती. घडांच्या ओझ्याने ती तडकली. आणि गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज होते. वसुलीची माणसे आली, गाडी ओढून घेऊन गेली.

जिभाऊ आम्हाला म्हणाले, "गुरुजी, पैसे गेले ते गेले. पण कर्ज आहे असं त्या पुस्तकात लिहिलं होतं हो. पुस्तक माझ्या हातात होतं, अन् मला कळलं नाही!" त्याच हिवाळ्यात ते आमच्या रात्रीच्या वर्गात येऊन बसले.

आधी पुस्तक वाचा

गाडीच्या नोंदणीच्या कागदाला आर.सी. म्हणतात. ते पुस्तक असो की कार्ड असो, स्वतः वाचा.

१. मालकाचे नाव. विकणारा तोच आहे ना?

२. चेसी नंबर आणि इंजिन नंबर. हे नंबर गाडीवरही कोरलेले असतात. एकेक अक्षरावर बोट ठेवून ताडून पाहा. कोरलेला नंबर खरवडलेला दिसला तर सरळ घरी या.

३. कर्जाची नोंद. तिथे बँकेचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागा. ती नोंद आर.टी.ओ. कचेरीतून काढल्याशिवाय पैसे देऊ नका.

४. विमा आणि तपासणीचा दाखला, म्हणजे फिटनेस. मालगाडी ८ वर्षांची होईपर्यंत हा दाखला दोन वर्षांनी घ्यावा लागतो, पुढे दरवर्षी. मुदत संपली असेल तर तो खर्च भावातून कमी करा.

गाडी बऱ्हाणपूरकडची असेल, म्हणजे मध्य प्रदेशातली, तर तिकडच्या कचेरीचा ना-हरकत दाखलाही हवा.

सौदा झाला की २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी आपल्या नावावर करा. विम्यावरही नाव बदला. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठा तर नाहीच नाही. विकणाऱ्यानेही हे ध्यानात धरावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी विकली पण नाव बदलले नाही, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईचा बोजा जुन्या मालकावर येतो.

मग गाडी पाहा

गाडी दिवसा पाहावी. मिस्त्री आपला न्यावा. इंजिन थंड असताना चालू करायला सांगावे. आधीच तापवून ठेवले असेल तर काहीतरी लपवायचे आहे असे समजा.

धूर पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. दाट काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, नाही तर डिझेल जास्त जाते. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी इंजिनात शिरत असेल. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे.

नंतर गाडीखाली वाका. चेसीवर हातोडीने हळूच ठोका. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. पाटे तुटलेले नाहीत ना, तेही पाहा.

दुरुस्तीचा क्रम

पुष्कळ लोक आधी रंग देतात. हे उलटे झाले. आधी ब्रेक, स्टेअरिंग, टायर आणि दिवे. मग चेसी आणि पाटे. मग इंजिन. गंजलेला पत्रा कापून नवा जोडावा, त्यावर रेड ऑक्साइड लावावे. रंग सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. म्हणून रेडिएटर आणि पंख्याचा पट्टा चांगला ठेवा. गाडी तापलेली असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

एक वही करा. ऑइल कधी बदलले, काय दुरुस्त केले, किती पैसे लागले, सारे तारीख घालून लिहा.

शेवटचे, पण मोठे

मालाची गाडी मालासाठीच वापरा. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला. ट्रकमध्ये मजूर होते. निदान १५ जीव गेले. पोटासाठी कामावर गेलेली माणसे घरी परतली नाहीत. मजूर असोत, नाही तर लग्नाचे वऱ्हाड असो, मालावर माणसे बसवू नका. 'जवळच तर जायचे आहे' असे कोणी म्हटले, तरी बसवू नका.

जिभाऊंनी पुढे दुसरा जुना पिकप घेतला. या वेळी पुस्तकातला नंबर ते मोठ्याने वाचत होते, आणि दलाल गप्प उभा होता.

सांगा पाहू :

१. जिभाऊंची पहिली गाडी का गेली?

२. चेसी नंबर कशाशी ताडून पाहावा?

३. तुमच्या गावातल्या एखाद्या गाडीचे आर.सी. मागून घ्या. मालकाचे नाव आणि चेसी नंबर आपल्या वहीत लिहा.