तिसरी आज्ञा : घरातल्या प्रत्येकाचा रविवार



प्रभूचा दिवस पवित्र पाळण्याची तिसरी आज्ञा आपण सर्वांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. आपण पाठ केली ती एका ओळीची. बायबलमध्ये मात्र ती बरीच लांब आहे आणि तिच्यात माणसांची व जनावरांची एक यादीच दिली आहे. आजच्या पाठात ती यादी आपण आपल्या घराशी ताडून पाहू या.

आज्ञेतील यादी

निर्गम २०:१० मध्ये विश्रांती कोणी घ्यायची ते स्पष्ट सांगितले आहे : तू स्वतः, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवाद ५:१४ मध्ये तर बैल व गाढव यांचा नावाने उल्लेख आहे. पुढे कारणही दिले आहे : इस्राएली लोक स्वतः मिसर देशात गुलाम होते. ज्याने गुलामीचे कष्ट सोसले, त्याने स्वतंत्र झाल्यावर आपल्या हाताखालच्यांना उसंत द्यावी, ही देवाची अपेक्षा.

म्हणजे ही आज्ञा एकट्यादुकट्याला दिलेली नाही, ती एका संपूर्ण घराला दिलेली आहे. घरच्या कर्त्याने आराम केला आणि बाकीचे राबत राहिले, तर आज्ञा पाळली गेली असे होत नाही.

या यादीत 'पत्नी' हा शब्द नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल. पण आज्ञा ज्या 'तू'ला उद्देशून आहे, त्यात नवरा-बायको दोघेही येतात. दासीला आणि बैलालाही विसावा देणारा देव घरच्या आईला मात्र चुलीपाशी जुंपून ठेवील, असे कसे होईल?

प्रभू येशूची शिकवण

लूक १३:१०-१७ हा उतारा घरी सर्वांनी मिळून वाचावा. अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या, सरळ उभे राहता न येणाऱ्या एका स्त्रीला येशू शब्बाथ दिवशी बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. येशू त्याला विचारतो, की शब्बाथ दिवशीसुद्धा तुम्ही आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेता ना? मग अब्राहामाच्या या कन्येची सुटका का होऊ नये?

मुक्या जनावराला पाणी पाजणे चुकीचे आहे, असे येशू म्हणत नाही. ती दया तो गृहीतच धरतो. जी दया गोठ्यात दाखवता, ती घरातल्या माणसालाही दाखवा, एवढेच त्याचे मागणे आहे.

आपण ख्रिस्ती लोक प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली रविवारविषयी 'दिएस दोमिनी' हे पत्र लिहिले. त्यात रविवारला प्रभूचा दिवस म्हटले आहे, तसाच तो माणसाचाही दिवस, म्हणजे आनंदाचा, विश्रांतीचा आणि एकमेकांना आधार देण्याचा दिवस, असे सांगितले आहे.

रविवारची सुट्टी फुकट मिळालेली नाही

मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना एके काळी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला, आणि १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. पण कष्टकऱ्याला विसावा मिळाला पाहिजे ही बायबलची तळमळ त्यांच्या कार्यात दिसते. एवढ्या प्रयत्नाने मिळालेला दिवस आपण घरात कसा वाटून घेतो, याचा विचार झाला पाहिजे.

आपल्या घरी काय होते?

सोमवार ते शनिवार विरार लोकलची गर्दी, मुलांची शाळा, डबे, क्लास. रविवारी सकाळी मिस्सा. मिस्साहून परतल्यावर बाबा वर्तमानपत्र किंवा मोबाईल घेऊन बसतात, मुले टीव्हीपुढे बसतात आणि आई साडी बदलून थेट स्वयंपाकघरात जाते. रविवार म्हणून मटण किंवा मासळी, पाहुणे आले तर आणखी दोन पदार्थ, मग भांड्यांचा ढीग, आठवड्याचे कपडे, सोमवारची तयारी. नोकरी करणाऱ्या आईचा सर्वांत जड दिवस कित्येक घरांत रविवार असतो.

दारातल्या कुत्र्याचेही तसेच. मुलांनी हट्ट केला म्हणून पिल्लू आणले, महिनाभर लाड केले, आता ते दिवसभर साखळीला. वसईच्या वाड्यांत पूर्वी रहाटाला बैल जुंपत, तेव्हा त्यांना केव्हा सोडायचे हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असे. आज बैल गेले आणि पंप आले, पण मुके जनावर आपल्यावर अवलंबून असते हे मुलांना शिकवायचे काम आईवडिलांकडेच राहिले आहे. जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (२४१८) सांगतो. गरजू माणसांच्या हक्काचा पैसा जनावरांच्या चैनीवर उधळू नये, असेही तो तेथेच बजावतो. तोबितच्या पुस्तकात तरुण तोबिया देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा घरचा कुत्राही त्यांच्यासोबत जातो. लहान मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

काय करता येईल?

१. शनिवारी संध्याकाळी भाजी निवडणे, इस्त्री, दप्तरे भरणे ही कामे सर्वांनी मिळून उरकावीत. रविवारचे जेवण साधे असावे. पंगत मोठी असेल, तर हातही जास्त लागावेत.

२. जेवणानंतरची भांडी बाबांनी आणि मोठ्या मुलांनी घासावीत. मुलगा-मुलगी असा भेद करू नये.

३. पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे कुत्र्या-मांजराच्या पाण्याचे भांडे भरण्याचे काम द्यावे. रविवारी कुत्र्याला साखळीतून सोडून बाबांनी मुलांसह फिरवून आणावे.

४. घरकामाला येणाऱ्या बाईंना रविवारची पगारी सुट्टी द्यावी. यादीतील 'दासी' आज त्याच आहेत. घरपोच जेवण मागवण्याआधी ते आणणाऱ्या मुलाचाही रविवार आठवावा. दुसऱ्याच्या प्रभुवारात विनाकारण अडथळा आणू नये, असे धर्मशिक्षणग्रंथ (२१८७) सांगतो.

ज्यांना रविवारीच कामावर जावे लागते, अशा परिचारिका, पोलीस, रेल्वे कर्मचारी यांनी अपराधी वाटून घेऊ नये. कुटुंबाची गरज आणि समाजाची सेवा ही रास्त कारणे आहेत, असे ख्रिस्तसभा मानते. अशा घरांनी आठवड्यातील दुसरा एखादा वेळ ठरवून तो मात्र जपावा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या रविवारी आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण बसले?
२. आपल्यासाठी रविवारी राबणारे, पण आपल्या घरात न राहणारे कोण कोण आहेत?
३. या रविवारी प्रत्येकाने कोणाचे एक काम आपल्याकडे घ्यावे?

प्रार्थना : हे प्रभो, सहा दिवसांच्या कष्टानंतर तू आम्हांला विसावा देतोस. तो एकट्याने न भोगता घरातल्या लहानथोरांना, आमच्यासाठी राबणाऱ्यांना आणि मुक्या प्राण्यांनाही वाटून देण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.