रेसिंग ड्रोनची मोटार कशी पारखावी?

आम्ही कापडवाले, आमचा मोटारीशी काय संबंध, असे काही वाचक विचारतील. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर काही अपवाद सोडून बंदी घातली. सुट्या भागांना मात्र मोकळीक ठेवली. म्हणून सुट्या भागांचा व्यापार करणारे आणि मोटार वाइंडिंगचे कारागीर, दोघांच्याही कामाचा हा विषय आहे. आणि माल पारखण्याची रीत कापडाला एक व मोटारीला दुसरी, असे आम्ही मानत नाही.

ब्रशलेस मोटारीत कार्बन ब्रश नसतात. तारेची गुंडाळी जागच्या जागी राहते, लोहचुंबक बसवलेली बाहेरची वाटी फिरते आणि गुंडाळीला पाळीपाळीने वीज देण्याचे काम स्पीड कंट्रोलर करतो. मोटारीवर २२०७ असे लिहिलेले असेल तर आतला स्टेटर २२ मि.मी. व्यासाचा आणि ७ मि.मी. उंचीचा समजावा. १९५० केव्ही म्हणजे प्रॉपेलर न लावता दर व्होल्टला मिनिटाला १९५० फेरे. केव्ही जास्त म्हणजे मोटार सरस, हा गैरसमज बाजारात फार आहे. केव्ही वाढला की वेग वाढतो, पण तेवढाच पीळ काढायला करंटही जास्त लागतो.

खरी फसगत होते ती थ्रस्टच्या आकड्यात. 'जोर १६०० ग्रॅम' असे छापलेले असते. कोणत्या व्होल्टेजवर, कोणत्या प्रॉपेलरवर, किती अँपिअर खाऊन, किती सेकंद? हे लिहिले नसेल तर तो आकडा म्हणजे खळ दिलेल्या ताग्याचे वजन. धुतल्यावर काय उरेल ते कोणी सांगावे!

तपासणीसाठी मोटार काट्याच्या स्टँडवर घट्ट बसवावी. भोवती जाळी हवीच, कारण ५ इंची प्रॉपेलर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या टोकाचा वेग तासाला ७०० कि.मी.च्या वर जातो. सर्व मोटारींना तोच कंट्रोलर, तोच प्रॉपेलर, तेच व्होल्टेज द्यावे. पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण थ्रॉटलवर ग्रॅम, व्होल्ट व अँपिअर लिहून घ्यावेत. समजा, एक मोटार २४ व्होल्टवर ४० अँपिअर घेऊन १६०० ग्रॅम देते. म्हणजे ९६० वॅट, दर वॅटला सुमारे १.६७ ग्रॅम. दुसरी ३४ अँपिअरमध्ये १५०० ग्रॅम देते. ८१६ वॅट, दर वॅटला १.८४. पहिलीचा आकडा मोठा, पण बॅटरी तीच लवकर रिकामी करणार. शिवाय जास्त करंट ओढला की बॅटरीचे व्होल्टेजही खाली बसते, म्हणजे शेवटच्या फेरीत तो मोठा आकडा मिळतोच असे नाही.

शर्यतीत मात्र एवढ्यावर निकाल देता येत नाही. थ्रॉटल सारखा वरखाली होतो, तेव्हा मोटार वेग किती लवकर घेते आणि सोडते हे महत्त्वाचे. जड वाटी इथे मागे पडते. दर मोटारीमागे ४ ग्रॅम वाढले तर चार मोटारींचे १६ ग्रॅम होतात, आणि तेही हातांच्या टोकाला, जिथे वळताना सर्वांत जास्त नडतात. उडताना समोरून हवा येत असल्याने प्रॉपेलरवरचा भारही स्टँडपेक्षा वेगळा असतो. म्हणून स्टँडवर चांगल्या ठरलेल्या दोन-तीन मोटारी उडवूनच शेवटची निवड करावी.

उष्णता प्रत्येक चाचणीनंतर मोजावी. साध्या एन ५२ जातीच्या चुंबकाची मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यापलीकडे गेलेली चुंबकशक्ती थंड झाल्यावरही पूर्ण परतत नाही. कारागिरांनी तिन्ही फेजचा रोध एकमेकांशी ताडून पाहावा. तो इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरने फरक कळत नाही, मिलिओहम मीटर लागतो. शाफ्टचा खेळ आणि बेअरिंगची खरखर बोटांनीच समजते.

व्यापाऱ्यांनी विक्रेत्याने पाठवलेल्या नमुन्यावर सौदा करू नये. आलेल्या पेटीतून आपल्या हाताने कोणत्याही चार मोटारी काढाव्यात, प्रत्येक तीनदा चालवावी. चौघींचे आकडे आपसांत जुळत नसतील तर एकीचा आकडा कितीही चांगला असो, ड्रोनवर त्या चारही एकत्रच बसणार आहेत.