वहीत बोलणारी माणसं

1. खासगी वहीत पात्राला मोकळं सोडावं. छापायचा मजकूर मी वेगळ्या कागदावर लिहिते. वहीत फक्त माणसं बोलतात. आल्याची शेती करणाऱ्या एका बाईला मी कथेत नवऱ्यामागे मुंबईला धाडणार होते. वहीत तिनंच सुनावलं, "म्या कुठं जात न्हाई. रान माझ्या नावावर हाय." कथा रहिमतपूरच्या शिवारातच राहिली, आणि तशीच ती खरी वाटते.

2. पात्र ऐकेनासं झालं म्हणून घाबरू नये. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांनी 50 कथालेखकांना याबद्दल विचारलं. त्यातल्या 46 जणांना पात्रं स्वतःच्या मनानं वागल्याचा अनुभव होता.

3. एका नावात मावत नसेल तर दुसरं घ्यावं. गडकरी कवितेत गोविंदाग्रज झाले, विनोदात बाळकराम. खानोलकरांनी कविता आरती प्रभूंच्या हवाली केली. आमच्या रहिमतपूरला जन्मलेल्या वसंत कानेटकरांचे वडील शंकर केशव, पण कवी म्हणून ते गिरीश. लिस्बनच्या फेर्नांदो पेसोआनं तर स्वतःच कल्पिलेल्या अशा कवींना जन्मतारखा आणि व्यवसायही दिले. 1935 मध्ये तो गेला, तेव्हा मागे उरलेल्या पेटीत 25 हजारांहून जास्त कागद होते. बर्नार्दो सोआरेस नावाच्या कारकुनाच्या तोंडची त्यातली टिपणं 1982 मध्ये पुस्तकरूपानं आली. मी ती पुन्हापुन्हा वाचते. इतकी एकाकी आणि इतकी गजबजलेली वही दुसरी माझ्या वाचनात नाही.

4. या गजबजाटाला आजाराचं नाव देऊ नये. ज्याला 'मल्टिपल पर्सनॅलिटी' म्हणत, त्याचं नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1994 मध्ये बदलून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' केलं. त्यात आठवणीत खिंडारं पडतात. कपाटात आपण कधी घेतली ते न आठवणारी वस्तू सापडते. वहीत लिहिल्याचं आठवत नाही असं आपलंच पान निघतं. अनेकांच्या मागे लहानपणी सोसलेला दीर्घ छळ असतो. त्या कोवळ्या वयात मनानं जगण्यासाठी शोधलेली ती वाट असते. माझं पात्र बोलायचं थांबलं की चहा टाकायला मीच उठते, आणि ते काय बोललं हे मला आठवतं. त्या रुग्णाला नेमकी हीच खात्री नसते. म्हणून उपचारातही रोजनिशीचा उपयोग करतात: एका अवस्थेतलं लिखाण दुसऱ्या अवस्थेत वाचता येतं, तुटलेली ओळख हळूहळू जुळू लागते.

5. 'अंगात येणं' आणि हा आजार एकच, असं परस्पर ठरवू नये. जत्रेत, ठरल्या वेळी, चार माणसांच्या साक्षीनं वारं येतं आणि उतरतं, तिथं श्रद्धा असते. पण नको असताना, कुठंही, वारंवार भान हरपत असेल आणि त्यानं संसार मोडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

6. नोंदीला तारीख घालावी आणि समासात बोलणाऱ्याचं नाव लिहावं.

7. आजारी माणसाची वही कथेसाठी मागू नये. ती आपणहून वाचायला दिली, तरी त्यातलं एकही वाक्य उचलू नये. माझ्या वह्यांबद्दल मी भाचीला सांगून ठेवलंय: कथा छाप, वह्या बांधून ठेव. उघडायच्या की नाही, ते तू ठरव.