बाराबोरमध्ये वीसचं काडतूस: सॉल्ट लेकमध्ये हिशेब कितीचा?

वडिलांची दुनळी बाराबोर वारशाने रीतसर नावावर झाली, पण तिचा धक्का खांद्याला सोसत नाही. अशा घरात चेंबर अ‍ॅडॅप्टरचा विषय कधीतरी निघतोच. हा पोलादी नळीचा तुकडा बाराबोरच्या चेंबरमध्ये बसवला की वीस बोअरचं किंवा ४१० चं काडतूस उडवता येतं. परदेशात आखूड तुकडा तीस ते शंभर डॉलरला मिळतो. नळीभर लांबीचे, स्कीट नेमबाज वापरतात ते तीन बोअरचे संच हजार डॉलरच्या पुढे जातात.

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये मात्र खरा खर्च इथून पुढे सुरू होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा सुटा भागही शस्त्रातच मोडतो. परवान्याशिवाय तो बाहेरून आणला, तर कलम १० चा भंग होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. ‘हा भाग नव्हे, नुसती सोय आहे’ हे कस्टम्सला पटवत बसण्याची वेळ स्वतःवर आणू नका. कुरिअरने तर मुळीच मागवू नका. आधी बिधाननगर पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. परिचयाच्या लेथवाल्याकडून तुकडा कातून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तिथेच थांबवा: शस्त्राचा भाग बनवायलाही परवाना लागतो, आणि चुकीच्या पोलादाचा तुकडा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटतो.

दुसरा प्रश्न काडतुसांचा. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो आणि दुकानदार त्याच बोअरचं काडतूस देतो. डलहौसी-धर्मतला भागातल्या जुन्या बंदूकवाल्यांकडे विचारायला जाताना परवाना बरोबर न्या. आपल्या खडकीच्या कारखान्याचं ‘शक्तिमान’ बाराबोरमध्ये सर्वांच्या ओळखीचं आहे. वीस किंवा ४१० साठी आधी परवान्यात नोंद हवी, मग माल मिळायला हवा, आणि मिळाला तरी तो बाराबोरपेक्षा स्वस्त पडेल अशी आशा धरू नये.

आणि फायदा किती? वीस बोअरच्या नेहमीच्या काडतुसात साधारण २५ ग्रॅम छर्रे असतात. ऑलिंपिक पद्धतीच्या ट्रॅप-स्कीटसाठी बाराबोरचं काडतूसच २४ ग्रॅमचं असतं. म्हणजे जो धक्का कमी करायला ही सारी यातायात, तो बाराबोरचं हलकं काडतूस आणि दस्त्याला जाड रबरी पॅड एवढ्यानेच कमी होतो. शिवाय बाराबोरच्या नळीचा व्यास १८.५ मिलिमीटर, वीसचा १५.६. आखूड अ‍ॅडॅप्टरमधून बाहेर पडताच छर्रे मोठ्या नळीत शिरतात, वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधली गादी) नळीला घट्ट बसत नाही, वायू बाजूने निसटतो आणि वेग व छर्ऱ्यांचा फैलाव दोन्ही बिघडतात. पंप अ‍ॅक्शनमध्ये तर हे चालतच नाही. बंदूक मोडून भरायचीच हवी.

सगळ्यात महाग चूक एका पिवळ्या काडतुसाची आहे. घरात दोन्ही बोअरची काडतुसं आली आणि अ‍ॅडॅप्टर न बसवताच वीसचं काडतूस बाराबोरमध्ये घातलं, की ते चेंबरमधून पुढे सरकून नळीच्या निमुळत्या भागात अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामा दिसतो. मग बाराचं काडतूस भरून घोडा ओढला की नळी फुटते, आणि पुढचा हात नेमका त्याच जागी असतो. वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याचा रिवाज याचसाठी पडला. दोन्ही बोअर एका कपाटात, एका पिशवीत, एका खिशात कधीही ठेवू नका. प्रत्येक वेळी नळी उजेडाकडे धरून आरपार पाहा.

बंदूक मँटन किंवा रॉडा या जुन्या बंदूक कंपन्यांच्या काळातली असेल, तर आधी एखाद्या परवानाधारक कारागिराकडून चेंबरची लांबी मोजून घ्या. जुन्या इंग्रजी बंदुकांत ती ६५ मिलिमीटर असते, आजची काडतुसं बहुधा ७० ची. नळीवर दमास्कसची नागमोडी रेघ असेल, तर तिच्यात आजचं काडतूस घालूच नका, अ‍ॅडॅप्टर असो वा नसो.

तेव्हा पैसे द्यायचेच असतील, तर या क्रमाने द्या: कारागिराची तपासणी, रबरी पॅड, दस्ता खांद्याच्या मापाने कमी करून घेणं, आणि रायफल क्लबात प्रशिक्षकाबरोबर हलक्या काडतुसांचा सराव. निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करायचा आदेश येऊ शकतो. ते विक्रेत्याकडे ठेवलंत तर त्याचं भाडंही या हिशेबात धरा, आणि पावतीवर बंदुकीचा क्रमांक तपासूनच दुकानातून निघा.