नदींत सांडलेलें विष व संगणकाचें गणित

कशेडी घाटाच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. पोलादपूरच्या अंगास उतरलेलें पाणी सावित्रीला मिळून महाडवरून बाणकोटच्या खाडींत जातें. खेडच्या अंगाचें पाणी जगबुडींतून वाशिष्ठीला मिळतें व दाभोळास समुद्र गांठतें. महाड व लोटे येथें रासायनिक कारखाने आहेत, आणि त्यांचीं द्रव्यें वाहणारे टँकर याच महामार्गानें जातात. असा एखादा टँकर वळणावर उलटला व त्यांतील द्रव ओढ्यावाटे नदींत उतरला, तर खालच्या गांवकऱ्यांपुढें एकच प्रश्न उभा राहतो : तें पाणी आपल्या नळयोजनेच्या विहिरीपाशीं केव्हां येईल, व केव्हां निघून जाईल?

याचें गणित मुळांत अवघड नाहीं. नदीकांठीं शंभर मीटर अंतर मोजावें, पाण्यांत सुका नारळ सोडावा, आणि तें अंतर काटण्यास त्याला किती सेकंद लागतात तें घड्याळांत पाहावें. वरचें पाणी तळच्या पाण्यापेक्षां जलद धांवतें, म्हणून आलेल्या वेगास सुमारें ०.८५ नें गुणावें. समजा, उत्तर सेकंदास अर्धा मीटर आलें. तर दहा किलोमीटरवरील गांवीं विषाचा मध्यभाग सुमारें साडेपांच तासांनीं पोहोंचेल.

परंतु विष नारळाप्रमाणें एकत्र राहत नाहीं. मधल्या धारेंतलें पुढें धांवतें, कांठाचें व तळचें मागें रेंगाळतें, आणि त्याचा लांबच लांब पट्टा बनतो. येथें एक गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाहीं. दहा टन द्रव्य पाण्यांत विरघळलें, प्रवाहाचा छेद ५० चौरस मीटर व पसरण्याचा गुणांक सेकंदास १० चौरस मीटर असे आंकडे उदाहरणादाखल धरूं. दहा किलोमीटरवर त्याची कमाल तीव्रता लिटरमागें सुमारें १२६ मिलिग्रॅम येते. चाळीस किलोमीटरवर ती किती? चौथाई नव्हे, निम्मी : ६३. अंतर चौपट, तरी तीव्रता केवळ अर्धी! वाटेंत दुसरी नदी येऊन मिळाली नाहीं, अथवा तें द्रव्य आपोआप विघटन पावणारें नसलें, तर ‘आमचा गांव दूर आहे’ या समजुतींत फारसा अर्थ नाहीं.

मग संगणक कशाला? खरी नदी सरळ पन्हळासारखी नसते म्हणून. संगणकांत नदीचे शेंकडों तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकड्यांत दर मिनिटास किती विष आलें व किती गेलें याचा जमाखर्च तो मांडतो. डोहांत अडकलेलें विष सावकाश सुटतें, त्यामुळें पट्ट्याचें शेपूट लांबतें. खाडीच्या भागांत तर भरतीचें पाणी उलटें चढतें, व एकदां पुढें गेलेलें विष त्याच धक्क्यापाशीं पुन्हां येऊं शकतें. महाड हें पूर्वीं खाडीवरील बंदर होतें, हें येथें ध्यानांत घ्यावें.

१ नोव्हेंबर १९८६ रोजीं स्वित्झर्लंडांत बासेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या वखारीस आग लागली. विझविण्यासाठीं मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकें राईन नदींत गेलीं, पाणी लाल झालें, व वाम मासे लाखाच्या संख्येनें मेले. त्यानंतर नदीकांठच्या राष्ट्रांनीं मिळून धोक्याची सूचना देणारें एक गणिती प्रतिमान तयार केलें. त्याचे आंकडे जमविण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं निरुपद्रवी रंग नदींत सोडून त्यांचा प्रवास मोजला. आपल्याकडे खडकवासल्याची १९१६ सालीं स्थापन झालेली जलसंशोधन संस्था नद्यांच्या विटा-सिमेंटच्या प्रतिकृति करीत आली आहे. आतां तेथें गणिती प्रतिमानेंही होतात.

मोजणी मात्र प्रत्येक ऋतूंत निराळी करावी लागते. पोलादपूर ते महाड हा नदीमार्ग वीस किलोमीटर धरला, आणि वैशाखांत वेग सेकंदास ०.२ मीटर मानला, तर विष अठ्ठावीस तासांनीं येईल. पाणी थोडें असल्यानें तें फार तीव्र असेल, पण दवंडी पिटण्यास व विहिरीवरील पंप बंद करण्यास अवधि मिळेल. श्रावणांत वेग दोन मीटर झाला, तर विष विरळ असेल खरें, परंतु सुमारें पावणेतीन तासांत तें महाडच्या पुलाखालीं असेल, आणि घाटांतून निरोप खालीं पोहोंचविण्यास तेवढाच वेळ हातीं राहील.