विषारी पाणी आणि काचेचे मणी

फवारणी संपली. गडी नाल्यावर गेला. त्याने पंप धुतला आणि ते पाणी तिथेच सांडले. खाली बैल पाणी पितात.

पाण्यातले असे विष फोडता येते काय? काही विषे फोडता येतात. कशी ते पाहू.

भाकरीचा घास खूप वेळ चावून बघा. तो गोड लागतो. का? थुंकीत एक पदार्थ असतो. तो पिठाची साखर करतो. अशा पदार्थाला विकर म्हणतात. विकर दुसऱ्याचे तुकडे करते, पण स्वतः खर्ची पडत नाही.

जंतूंच्या अंगीही विकरे असतात. फिलिपीन्स देशात भाताच्या बांधीत कीटकनाशक टाकत. त्या बांधीत एक जंतू सापडला. तो त्या विषाचेच तुकडे करीत होता! ही गोष्ट १९७३ साली प्रसिद्ध झाली. शोधणाऱ्यांत सेतुनाथन हे आपल्या देशाचे शास्त्रज्ञ होते.

पण विकर पाण्यात सोडले तर ते वाहून जाते. दरवेळी नवे कुठून आणावे? पूर्वी मळणीला आपण बैल खळ्यातल्या मेढीला बांधत होतो. बैल फिरे, काम करी, पण खळे सोडून जात नसे. विकरही तसेच बांधतात. बारीक छिद्रे असलेल्या काचेच्या मण्यांना ते चिकटवतात. मणी नळीत भरतात आणि वरून विषारी पाणी सोडतात. पाणी पुढे जाते, विकर मागे राहते. असा प्रयोग १९७९ साली छापून आला.

हे विकर फॉस्फरसाच्या जातीची काही औषधे फोडते. ही औषधे मोठी वाईट. अंगात गेली की नसांना लागणारे आपलेच एक विकर बंद पाडतात. लाळ गळते, घाम सुटतो, श्वास अडतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कोणी दारव्ह्याचा, कोणी दुसऱ्या तालुक्याचा, हा हिशेब मी करीत नाही. माणसे आपलीच.

मात्र मण्यांवर भिस्त ठेवू नका. कुलपाला ज्याची त्याचीच किल्ली लागते. दुसऱ्या जातीच्या औषधावर हे विकर चालत नाही. फार तापले तर बिघडते. अंगावर उडालेल्या औषधाला तर मण्यांचा काहीच उपयोग नाही. आणि आपल्या दुकानात ते मिळतही नाहीत.

तोवर पंप नाल्यावर नेऊ नका. वावरातच पंपात थोडे साधे पाणी घाला, खळखळवा आणि त्याच पऱ्हाटीवर फवारा. असे तीनदा करा. रिकामा डबा घरात वापरू नका. आता तुम्हाला वाचता येते, तर डब्यावरचा कागद वाचा. फॉस्फरसाच्या औषधावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन हे नाव असते. कोणाला बाधा झाली, तर त्याला लगेच दवाखान्यात न्या आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.